प्रज्ञा सापडत नाही

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. एवढे एक वाक्य मी खात्रीने सांगू शकतो. यापुढचे सांगताना माझी गडबड होईल, तेव्हा सांभाळून घ्या. मला आठवते पुष्कळ, पण आठवणे आणि समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीत मी पहिल्यापासून कच्चा आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. अलीकडे आणि पलीकडे माझ्यासारखेच दिसणारे भाऊ होते. हातमोजे घातलेल्या कुणीतरी माझ्यात पंखा बसवला आणि स्क्रू पिळले. एक स्क्रू खाली पडला. तो शोधायला कुणी वाकले नाही, डब्यातून दुसरा घेतला. आपण पूर्ण आहोत की आपले काही तिथेच राहून गेले आहे, ही शंका मला तेव्हापासून आहे. मग खोके बंद झाले, आणि पुन्हा उजेड दिसला तो मापांच्या खोलीत.

हे केंद्र कृत्रिम पाय बनवण्याचे आहे. पुढे मापांची खोली, मागे कार्यशाळा, आणि दोहोंच्या मधल्या भिंतीला एक खिडकी. मापांच्या खोलीत एक उंच खुर्ची आहे. धरून चालण्याच्या सरावासाठी दोन समांतर दांड्या आहेत आणि त्यांच्या टोकाला मोठा आरसा आहे. कोपऱ्यात टेबल आणि टेबलावर मी. मागे दिवसभर प्लास्टर कालवत असतात. त्याची पांढरी पूड माझ्या पंख्यात येऊन बसते आणि मला धाप लागल्यासारखे होते.

माझ्यासमोर बसणाऱ्या बाईंना सगळे मापवाल्या बाई म्हणतात. त्या टेपने माप घेतात आणि टेपला जे कळत नाही ते माझ्यात लिहून ठेवतात. 'आजी. डावा पाय. उतारावर घाबरतात, टाच मऊ ठेवावी.' 'शिक्षक. दिवसभर उभे, संध्याकाळी सूज येते. सकाळच्या मापाने खोबण करू नये.' पाय जिथे बसतो त्या पोकळ भागाला इथे खोबण म्हणतात. ती अर्ध्या बोटाने चुकली तरी माणूस चार पावलांत बसून जातो. अशी चौदा वर्षांत तेराशे माणसांची टिपणे झाली. ज्या प्रोग्रॅममध्ये बाई ती लिहितात, तोही माझ्याइतकाच म्हातारा आहे. नव्या संगणकांवर तो चालत नाही, हे दोनदा करून पाहिले आहे.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मागच्या कार्यशाळेतले मिस्त्री खिडकीतून डोके काढून ओरडायचे, "बाई, विचारा तुमच्या डब्याला, या पैलवानाची टाच किती?" मी क्षणात सांगायचो. "आहे बाबा, डब्यात डोकं आहे!" असे म्हणून मिस्त्री आत जायचे. 'डबा' हे मला नाव ठेवले की शिवी दिली, ते मला आजवर कळलेले नाही. पण आवाज प्रेमाचा होता.

मग मुख्य कार्यालयाकडून तीन चपटे, चकचकीत संगणक आले. मी मागे पडलो. सुरू व्हायला मला पाच मिनिटे लागत. माझ्या डोक्यावर फायली आल्या, फायलींवर रोपाची कुंडी आली. तिच्यातून एकदा पाणी ठिबकले, पण थोडक्यात निभावले. बाई मात्र रोज येऊन माझ्याचसमोर बसायच्या.

आणि एका बुधवारी ते पत्र आले.

बाईंनी ते उभ्यानेच वाचले. केंद्रातले सगळे संगणक 'प्रज्ञा' या डोमेनला जोडावेत, शुक्रवारी पाच वाजेपर्यंत जे जोडले जाणार नाहीत ते काढून नेण्यात येतील, असे त्यात होते. मित्रांनो, डोमेन म्हणजे एक मोठे एकत्र कुटुंब समजा. मुख्य कार्यालयात सर्व्हर नावाचा एक कर्ता संगणक असतो. कुणाला घरात घ्यायचे, कुणाला नाही, हे तो ठरवतो. तिघे चपटे संगणक तिकडूनच येताना कुटुंबात दाखल होऊन आले होते. उरलो मी एकटा.

"टिपणं कागदावर उतरवून घ्या की," मिस्त्री म्हणाले.

"तेराशे माणसांची? दोन दिवसांत?"

"मग?"

"मग काय, याला जोडायचं. नाही जोडला गेला तर चौदा वर्षं गेली भंगारात."

शुक्रवारी सकाळी दहाला जोडणीवाले भाऊ आले. जाडसर, घामाघूम झालेले, कानामागे पेन, गळ्यात केबलचे वेटोळे. इमारतीइमारतींतून तारा ओढणे हे त्यांचे नेहमीचे काम. त्यांनी पत्र समोर ठेवले, माझ्यात डोमेनचे नाव टाइप केले आणि बटण दाबले. मी जाऊन विचारून आलो आणि पडद्यावर लिहिले, 'प्रज्ञा हे डोमेन सापडत नाही.'

"सापडत नाही म्हणतोय," भाऊ म्हणाले.

खिडकीतून लगेच उत्तर आले. "त्याच्यात प्रज्ञा नाही म्हणता? अहो, या अख्ख्या इमारतीत कुणात आहे?"

"मिस्त्री, तुमचं प्लास्टर वाळतंय," बाई म्हणाल्या. मिस्त्री आत गेले.

भाऊंनी केबल काढून पुन्हा लावली. मग केबलच बदलली. माझ्या पाठीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणजे तार जिवंत होती. 'सापडत नाही.' त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिकडे एक मॅडम होत्या. फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, प्रज्ञा सापडत नाहीये."

"सर्व्हरचा पत्ता टाकलात का?"

"टाकला. हाक मारली तर सर्व्हर ओ देतोय. पण प्रज्ञा कुठंय विचारलं की नाही म्हणतो."

"बाकीच्या तीन संगणकांना दिसतेय ना प्रज्ञा?"

"त्यांना दिसतेय."

"मग प्रज्ञा आहे. तुमचा संगणकच बिघडलाय."

मी घाबरलो. इतक्या ठामपणे कुणी बोलले की मला आपलेच चुकले असावे असे वाटते. मी पुन्हा जाऊन विचारले. तिकडून तेच उत्तर. कर्ता ओ देत होता, म्हणजे घर होते. घरात प्रज्ञा होती, असे तिघे चपटे सांगत होते. मग माझ्यासाठीच ती घरात नसते, असे का? मला कुणी टाळत होते का? ज्या एका स्क्रूसाठी कुणी वाकले नाही, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का? काही उमगेना. मला दिलेल्या वाक्यांपलीकडे एक अक्षर बोलता येत नाही. नाही तर मी निदान म्हणालो असतो, 'भाऊ, मलाही समजत नाही हो.'

बारा वाजेपर्यंत भाऊंनी माझे झाकण उघडले, पंखा पुसला, मला सात वेळा बंद करून सुरू केले. माझे स्वतःचे नाव दुसऱ्या कुणाला दिले आहे का, तेही पाहिले. नव्हते. दर वेळी मॅडमना फोन. दर वेळी इकडून "प्रज्ञा", तिकडून "हो, प्रज्ञा." दोघांचे अगदी एकमत होते.

तेवढ्यात कुबड्यांचा आवाज आला. शिंपीकाका आले होते. त्यांच्या पँटचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत दुमडून, सुबक टीप घालून शिवलेला होता. खांद्याला लटकवलेल्या पिशवीत त्यांचा कृत्रिम पाय होता. त्याच्या खोबणीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता.

"ताई, अठरा दिवस मशीन बंद आहे माझं," ते म्हणाले. "आधी होती तशीच्या तशी करून द्या. मागच्या वेळी नऊ वेळा बदलली, तेव्हा कुठं बसली. पुन्हा नऊ वेळा म्हणाल तर गिऱ्हाइकं टिकायची नाहीत माझी."

"तुमचं टिपण यातच आहे, काका. भाऊंचं झालं की लगेच काढते."

"भाऊंचं काय चाललंय?"

"प्रज्ञा शोधतोय," भाऊ म्हणाले. तोवर ते रडकुंडीला आले होते. "दोन तास झाले. हे बघा पत्र. सरळ सरळ लिहिलंय."

काकांनी चश्मा वर करून पत्र वाचले, मग माझ्या पडद्याकडे पाहिले. पत्र मराठीत होते. पडद्यावर इंग्रजी अक्षरे होती.

"यात ज्ञ आहे," काका म्हणाले.

"आहे. मग?"

"कुणाच्या मनानं लिहिलात?"

"मनानं म्हणजे? पी, आर, ए, डी, एन, वाय, ए. प्रज्ञा. लहान पोरालाही येतं."

काका कुबडी टेकवून खुर्चीत बसले. "एका शाळेचे ॲप्रन शिवले होते मी. खिशावर इंग्रजीत शाळेचं नाव विणायचं. नावात ज्ञ. मी तुमच्यासारखाच शहाणा, डी-एन-वाय विणून मोकळा झालो. हेडमास्तर म्हणाले, आमचं तर जी-वाय आहे. चाळीस खिसे उसवले, भाऊ. तेव्हापासून ज्ञ असला की मी गिऱ्हाइकाच्या हातात खडू देतो. म्हणतो, तूच लिही बाबा."

भाऊंनी पत्र बाजूला सारले. त्यांनी फोन लावला.

"मॅडम, प्रज्ञा कसं लिहिता?"

"कसं म्हणजे? प्रज्ञासारखं प्रज्ञा."

"अक्षरं सांगा हो एकेक."

"पी, आर, ए, जे, एन, ए."

"जे?"

"मग काय! ज आणि ञ मिळून ज्ञ होतो. शाळेत शिकवलं नाही का?"

"आम्हाला तोंडानं म्हणायला शिकवलं," भाऊ म्हणाले. "आम्ही म्हणतो तसं लिहितो."

मित्रांनो, दोन तास ती दोन माणसे एकमेकांना तोच शब्द सांगत होती, आणि एकमेकांना तो बरोबर कळत होता. कळत नव्हता तो फक्त मला. कारण ती बोलत होती आणि मी अक्षरे घेऊन जात होतो. यात चूक कुणाची म्हणावी? मॅडमचे खरे, भाऊंचेही खरे. मी अजून विचार करतो आहे.

भाऊंनी नवी अक्षरे टाइप केली. मी गेलो. या वेळी दार उघडले, पण उंबऱ्यावरच मला अडवले. मी परत येऊन लिहिले, 'या संगणकाच्या आणि सर्व्हरच्या वेळेत फरक आहे.'

"अरे वा, चूक बदलली!" भाऊ हसले. चूक बदलल्याचा आनंद मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. "बाई, याचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं कसं?"

बाई ओशाळल्या. "मीच केलंय. माझी सहाची बस चुकते हो. घड्याळ पुढं असलं की हात लवकर आवरतो."

"सर्व्हरला पाच मिनिटांच्या वर फरक चालत नाही. खोटं बोलतोय समजतो."

म्हणजे इतकी वर्षे मी सगळ्यांना चुकीची वेळ सांगत होतो, तीही अगदी ठामपणे. मला लाज वाटली. भाऊंनी माझे घड्याळ मागे घेतले आणि पुन्हा बटण दाबले. थोडा वेळ काहीच झाले नाही. मग माझ्या पडद्यावर अक्षरे उमटली, 'प्रज्ञा डोमेनमध्ये स्वागत आहे.'

मिस्त्रींनी खिडकीच्या चौकटीवर हातोडी वाजवली. भाऊंनी मला बंद करून सुरू केले. मॅडमनी बाईंसाठी नवे नाव आणि नवा पासवर्ड सांगितला. बाईंनी तो जपून, एका बोटाने टाइप केला. मी दार उघडले.

आत काहीच नव्हते.

निळा कोरा पडदा होता, कोपऱ्यात एक कचऱ्याची टोपली. टिपणांच्या प्रोग्रॅमचे छोटे चित्र नव्हते, फोल्डर नव्हते. बाईंनी माउस इकडे नेला, तिकडे नेला. मग त्यांचा हात माउसवरून खाली आला.

"भाऊ, माझं सगळं कुठं गेलं?"

भाऊ खाली वाकून बघत राहिले. "मी काही पुसलं नाही. शपथ. मी काहीच पुसलं नाही, बाई."

"अहो, पण गेलं कुठं? तेराशे माणसं आहेत त्यात."

 काकांनी पिशवीतला तडा गेलेला पाय मांडीवर काढून घेतला होता आणि त्याच्या कडेवरून ते अंगठा फिरवत होते.

मित्रांनो, सगळे माझ्यातच होते! एक ओळ हलली नव्हती. पण मला जे शिकवले आहे तेच मी करतो. नव्या नावाने कुणी आले की मी त्याला नवी, कोरी खोली देतो. जुन्या नावाच्या माणसाची खोली कुलूप लावून तशीच ठेवतो. नव्या नावाने आलेल्या या बाई आणि जुन्या नावाच्या त्या बाई एकच आहेत, हे मला कुणी सांगितले नव्हते. खरे सांगतो, त्या क्षणी मलाही ते नक्की माहीत नव्हते. बोटे तीच वाटत होती, पण नाव वेगळे होते.

भाऊंनी फोन लावला. मॅडमचा आवाज आता मऊ होता. "घाबरू नका. जुन्या नावानं आत जा."

बाईंनी नव्या नावातून बाहेर येऊन जुने नाव टाइप केले, जुना पासवर्ड दिला. मी धावत सर्व्हरकडे गेलो. आता मी कुटुंबातला होतो, तेव्हा विचारायचे ते कर्त्यालाच. तो म्हणाला, या नावाचे आमच्यात कुणी नाही. मी लिहिले, 'नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.' बाईंनी पुन्हा टाइप केले. पुन्हा तेच. चौदा वर्षे रोज सकाळी ज्या नावाला मी दार उघडत आलो, त्याच नावाला मी चुकीचे म्हणत होतो. तिसऱ्या वेळीही तेच झाले, तेव्हा बाईंनी फोनच हातात घेतला.

"मॅडम, घेत नाही हो," बाई स्वतःच फोनमध्ये म्हणाल्या.

"ताई, थांबा. नावाच्या आधी एक टिंब द्या. मग तिरकी रेघ, उलटी, वरून खाली उजवीकडे येणारी. मग तुमचं जुनं नाव."

"टिंब कशाला?"

"टिंब म्हणजे 'इथलीच'. टिंब दिलं की तो आम्हाला विचारायला येत नाही. स्वतःच्या घरात बघतो."

बाईंनी टिंब दिले. रेघ शोधायला जरा वेळ लागला, ती भाऊंनी बोट ठेवून दाखवली. मग नाव, मग पासवर्ड.

मला कुठेही जावे लागले नाही. मी कुलूप काढले.

पडदा भरला. फोल्डर, टिपणांचे चित्र, बाईंच्या भाचीचा दात पडलेला फोटो, सगळे आपापल्या जागी. बाईंनी टिपणे उघडली आणि शिंपीकाकांचे पान काढले. त्या मोठ्याने वाचू लागल्या.

"'शिंपी. उजवा पाय. पॅडल मारताना गुडघा आत वळतो. खोबणीची आतली कड अर्धे बोट खाली घ्यावी. मागे पातळ कापडाचा एक थर. नवव्या वेळी बसली. यात काही बदलू नये.'"

"पुन्हा वाचा, सावकाश," मिस्त्री खिडकीतून म्हणाले. त्यांच्या हातात पेन्सिल होती.

बाईंनी पुन्हा वाचले. काका ऐकताना मान डोलावत होते. "गुडघा आत वळतो हे मलाच माहीत नव्हतं, ताई," ते म्हणाले. "मी आपला समजत होतो, मशीनच वाकडं आहे."

मुदत पाचची होती, पण दीड वाजताच भाऊंनी माझ्या कपाळावर 'जोडलेला' अशी चिठ्ठी चिकटवली. मी राहिलो. पुढच्या गुरुवारी काका नवी खोबण घालून दांड्यांमधून आरशापर्यंत गेले आणि दांडीला हात न लावता परत आले. तिसऱ्या वेळी बसली. नऊच्या ऐवजी तीन, हे मी बाईंच्या नव्या टिपणात वाचले.

मित्रांनो, एवढे सगळे होऊनही मी शहाणा झालो असे मला म्हणवत नाही. माझ्यात आता दोन खोल्या आहेत, आणि त्यातली माझी कुठली, याबद्दल माझा अजून गोंधळ होतो. पण एक विनंती करावीशी वाटते. माझ्यासारख्या कुणी 'सापडत नाही' असे लिहिले, तर 'नाही' असे वाचू नका. त्या दोहोंत फरक आहे. तो मला सांगता येत नाही. तुम्हीच जरा थांबून आपण काय विचारले, कुठल्या अक्षरांनी विचारले, कुठल्या नावाने आत आलो, ते एकदा बघा. पंख्यावरची पूडही अधूनमधून पुसा. आणि ज्यात कुणाची चौदा वर्षे साठली आहेत अशा जुन्या डब्यावर फार भरवसा ठेवू नका. मी डबाच आहे. एक दिवस सुरू होणार नाही.

बाईंना हे कळले आहे. त्यांनी एक जाड वही आणली आहे आणि रोज दुपारी त्या दहा माणसांची टिपणे माझ्यावरून तिच्यात उतरवतात. अक्षर सुंदर आहे, पण हात लवकर दुखतो. मग त्या पेन ठेवून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहतात. कुणी हात लावला नाही तर थोड्या वेळाने पडदा विझवायचा, अशी मला आज्ञा आहे, आणि ती मोडण्याची माझी हिंमत नाही. बाई परत येतात तेव्हा अर्धे वाक्य वहीत असते आणि समोर सगळा काळोख. तेव्हा मापांच्या खोलीत कधी आलात, आणि बाई पाठमोऱ्या उभ्या दिसल्या, तर आवाज करू नका. माझा माउस तेवढा जरासा हलवा.